साठीनंतरच्या चालकांची तपासणी खरोखर व्हावी : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : ज्येष्ठ नागरिकांच्या वाहन परवान्याचे नूतनीकरण आणि त्यासाठीची वैद्यकीय तपासणी.

महोदय,
स.न.वि.वि.

मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. तालुक्याच्या गावापासून आडबाजूला असलेल्या एका वाडीत राहते आणि आजही स्वतः मोटार चालवते. लूनापासून सुरुवात केली, पुढे स्कूटर आली, मग चारचाकी. स्वतःच्या हाती वाहन असण्याने बाईमाणसाला काय मिळते हे मी आयुष्यभर अनुभवले आहे. माझ्या वयाची माणसे सरकारकडे बहुधा सवलत मागतात. मी आपल्याकडे तपासणी मागते आहे. परवान्याचे नूतनीकरण करताना आमचे डोळे, कान, मान, हातपाय आणि चालू असलेली औषधे यांची कायद्याला अपेक्षित असलेली तपासणी प्रत्यक्षात व्हावी, आणि तीत जे आढळेल त्यानुसार परवाना पूर्ण द्यायचा, मर्यादित द्यायचा की नाकारायचा हे ठरावे, अशी माझी विनंती आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनाच्या परवान्याची मुदत वयाप्रमाणे बदलते. तिशीच्या आत परवाना काढला तर तो चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो, तीस ते पन्नास या वयात दहा वर्षांसाठी मिळतो, पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान साठाव्या वर्षापर्यंत, आणि पंचावन्न ओलांडल्यावर दर वेळी पाच वर्षांसाठी. कमाल वयाची अट या कायद्यात नाही आणि ती असूही नये. सत्तरीतही नजर आणि हात शाबूत असलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि पन्नाशीतच ज्यांच्या शेजारी बसायला जीव धजत नाही असे चालकही पाहिले आहेत. वय न पाहता प्रकृती पाहायची हे धोरण योग्यच आहे. पण प्रकृती पाहण्याचा सगळा भार एका कागदावर टाकलेला आहे. तो कागद म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला जोडावा लागणारा नमुना १-अ, अर्थात डॉक्टरचे प्रमाणपत्र.

हा नमुना कोणी मन लावून वाचला तर त्यात फारशी उणीव काढता येणार नाही. अर्जदाराला लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, नेहमीचे आवाज ऐकू न येण्याइतपत बहिरेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हे प्रश्न त्यात आहेत. शेवटी डॉक्टर लिहून देतो की मी या व्यक्तीला स्वतः तपासले आहे, आणि तपासताना दूरची नजर, ऐकण्याची क्षमता, तसेच दोन्ही हातापायांची व सांध्यांची स्थिती यांकडे विशेष लक्ष दिले आहे. हे शब्द ज्याने लिहिले त्याला रस्ता कळत होता. दुर्दैवाने त्या शब्दांखाली सही करणारे पुष्कळ जण ते वाचत नाहीत.

सत्तरी पूर्ण झाल्यावर मी नूतनीकरणासाठी गेले तेव्हाची गोष्ट सांगते. झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक लहानसा दवाखाना होता आणि परवान्याचे अर्जदार ओळीने तिकडेच पाठवले जात होते. टेबलावर नमुना १-अ च्या कोऱ्या प्रतींचा गठ्ठा होता आणि वरच्या काही प्रतींवर शिक्का आधीच मारून ठेवलेला दिसत होता. डॉक्टरांनी माझे नाव विचारले, वय विचारले आणि चष्मा आहे का एवढे विचारले. माझा चष्मा तेव्हा पर्समध्ये होता. त्यांनी मान वर न करता रकाने भरले, सही केली, पैसे घेतले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. खोलीच्या भिंतीवर नजर तपासायचा तक्ता लावलेला होता. त्याच्यापुढे कोणाला उभे केलेले मी पाहिले नाही. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, ज्यांना खुर्चीतून उठायला मुलाने हात दिला. त्यांनाही तसलेच प्रमाणपत्र मिळाले. मी येथे कोणाचे नाव घेत नाही, कारण तक्रार एका डॉक्टरची नाही. राज्यात ज्यांना ज्यांना मी याबद्दल विचारले, त्यांनी दवाखान्याचा तपशील तेवढा वेगळा सांगितला.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात मोतीबिंदूची तपासणी होती, म्हणून शेजारणीबरोबर मीही गेले. तेथल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतली, ती मला व्यवस्थित वाचता आली. मग ते माझ्यासमोर हातभर अंतरावर बसले, माझा उजवा डोळा झाकायला सांगितला, स्वतःचा समोरचा डोळा झाकला आणि म्हणाले, माझ्या नाकाकडे बघत राहा, बोट हलताना दिसले की सांगा. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी त्यांनी बोट आत आणले. डाव्या डोळ्याच्या डावीकडे मला ते फार उशिरा दिसले. दोन-तीनदा करूनही तेच झाले. या तपासणीला पाच मिनिटेसुद्धा लागली नसतील, आणि साहित्य म्हणाल तर त्यांचा हात. त्यांनी मला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले आणि तेथे काचबिंदूचे निदान झाले.

काचबिंदूची अडचण अशी की तो दुखत नाही. समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, कडेची दृष्टी मात्र हळूहळू जाते, आणि जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून भरून काढतो, त्यामुळे आपल्याला काही दिसेनासे झाले आहे हे त्या माणसाला कळतच नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही, पण वेळेवर औषध सुरू झाले तर उरलेली टिकवता येते. नंबरप्लेट वाचण्याच्या कसोटीत काचबिंदूचा रुग्ण सहज पास होतो. मीही झाले असते, कोणी ती घेतली असती तर. आपल्या रस्त्यांवर डावी बाजू म्हणजे चालणारी माणसे, डावीकडूनच घुसणारे दुचाकीस्वार, थांबलेल्या एसटीतून उतरून धावणारी मुले. त्या बाजूचे कमी दिसत असलेली बाई पूर्णपणे तंदुरुस्त आहे असे सरकारी नमुन्यात लिहून दिलेले होते, आणि त्या आधारावर तिला पाच वर्षांचा परवाना मिळालेला होता.

माझी डोळ्यांच्या डॉक्टरांशी सविस्तर चर्चा झाली. दोन्ही डोळे मिळून दिसणारे क्षेत्र अजून पुरेसे आहे, दिवसाउजेडी ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालवायला हरकत नाही, दिवेलागणीनंतर मात्र चालवू नका आणि ठरल्या वेळी तपासणीला या, असा त्यांचा सल्ला आहे. मी तो पाळते. पण हा सल्ला माझ्या परवान्यावर कोठेच नाही. उद्या मी रात्री दोनशे किलोमीटर गाडी हाकायची ठरवली तरी कायद्याच्या दृष्टीने मी निर्दोष आहे. वयस्कर माणसाच्या आणि इतरांच्याही जिवाचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या शहाणपणावर सोडून देणे मला बरोबर वाटत नाही. त्यातून शहाणपण हीसुद्धा वयाबरोबर कमी होऊ शकणारी गोष्ट आहे, हे स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांना ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

काचबिंदू हे माझे उदाहरण झाले. मोतीबिंदू वाढत असताना समोरच्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की त्याभोवती वलय पसरते आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. दिवसा तक्त्यावर हाच माणूस चांगली अक्षरे वाचतो. वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते, कमी उजेड आत जातो, आणि झगमगाटातून सावरायलाही जास्त वेळ लागतो. मधुमेहाने दृष्टिपटलाला इजा होते ती वेगळीच. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर जेवण लांबले की एकदम खाली जाते, हातपाय थरथरतात, डोके चालत नाही. हे स्टिअरिंगवर झाले तर काय होईल? मानेचे मणके झिजलेल्या माणसाला मागे वळून पाहता येत नाही आणि गुडघा आखडलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर जायला क्षणभर जास्त घेतो. सर्दीच्या साध्या गोळीनेही गुंगी येते, झोपेच्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहतो. साठीनंतर आमच्यापैकी बहुतेकांच्या औषधांचा डबा भरलेला असतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी त्या डब्याबद्दल कोणी विचारत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. रस्त्यावरच्या मृत्यूंचे खापर म्हाताऱ्यांच्या डोक्यावर फोडण्याचा माझा हेतू नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा १८ ते ४५ या वयोगटाचा होता. बेफाम वेग, दारू, हेल्मेट न घालणे, उलट्या दिशेने येणे हे प्रकार आमच्या वयात कमीच. वयस्कर चालक चुकतो तो बहुधा चौकात, उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज न आल्याने, किंवा कडेने आलेले वाहन न दिसल्याने. ही चूक दंडाची पावती फाडून सुधारत नाही. ती आधी ओळखता येते, आणि ओळखण्याची जागा कायद्याने नूतनीकरणाच्या वेळी ठेवलेलीच आहे. तिचा उपयोग होत नाही, हे माझे दुखणे आहे.

कायद्यातली एक विसंगतीही आपल्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले तर कलम १५ प्रमाणे पुन्हा चाचणी द्यावी लागते. म्हणजे बेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस कामाच्या धबडग्यात नूतनीकरण विसरला तर त्याला मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावी लागते, आणि ८५ वर्षांच्या माणसाने वेळेत अर्ज केला तर त्याला गाडी चालवताना कोणी पाहतसुद्धा नाही. विस्मरणाची दखल घेतली जाते आणि दृष्टीची घेतली जात नाही. सरसकट सगळ्या ज्येष्ठांना पुन्हा आठचा आकडा काढायला लावावा असे मी म्हणत नाही. त्याने हकनाक त्रास होईल आणि आपल्या कार्यालयांवरचा ताणही वाढेल. पण ज्याच्या वैद्यकीय तपासणीत शंका येईल त्याला निरीक्षकाने शेजारी बसून अर्धा तास नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली, तर बऱ्याच शंका तिथल्या तिथे मिटतील.

आता तपासणी कोणी करावी हा प्रश्न. माझ्या मते साठीनंतरच्या अर्जदाराची दृष्टी तपासण्याचे काम ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे देता येईल. ते तालुक्याच्या पातळीवर असतात, मोतीबिंदूच्या शिबिरांमुळे ज्येष्ठांची तपासणी त्यांच्या हातातली आहे, आणि परवाने देण्या न देण्यात त्यांचा काही लाभ नाही. शहरात महापालिकेच्या दवाखान्यांतून हे होऊ शकेल. प्रत्येक डोळ्याची वेगळी नजर, समोर बसून बोटाने घेतलेली कडेच्या दृष्टीची चाचणी आणि मोतीबिंदूची स्थिती एवढे जरी पाहिले तरी आजच्यापेक्षा कितीतरी पुढचे पाऊल पडेल. उरलेली तपासणी अर्जदाराच्या नेहमीच्या डॉक्टरने करावी, कारण मधुमेह, फिट, चक्कर, औषधे आणि स्मृती यांची माहिती त्यालाच असते. आज होते नेमके उलटे: ज्याने आम्हाला पूर्वी कधी पाहिले नाही आणि पुढेही पाहणार नाही, असा डॉक्टर आम्ही तंदुरुस्त असल्याचे लिहून देतो.

यासाठी परिवहन आणि आरोग्य या दोन्ही खात्यांना मिळून काम करावे लागेल, आणि खात्या-खात्यांतला पत्रव्यवहार किती लांबतो याची मला कल्पना आहे. तोवर आपल्या अखत्यारीतली एक गोष्ट लगेच होऊ शकेल. प्रत्येक प्रमाणपत्रावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो. कोणत्या डॉक्टरने वर्षभरात किती प्रमाणपत्रे दिली, आणि त्यांपैकी किती जणांना अपात्र ठरवले किंवा चष्म्याची, शस्त्रक्रियेची शिफारस केली, हे आपल्या विभागाने काढावे. ज्याच्या हातून हजारो प्रमाणपत्रे गेली आणि त्यांत एकही अपात्र निघाला नाही, त्याच्याकडे खुलासा मागावा, आणि तो समाधानकारक नसेल तर त्याची प्रमाणपत्रे स्वीकारणे थांबवून प्रकरण वैद्यक परिषदेकडे पाठवावे. दोन-चार ठिकाणी असे झाले तरी शिक्के आधी मारून ठेवण्याची पद्धत बंद पडेल.

डॉक्टरांनी रुग्णाची माहिती परस्पर परिवहन कार्यालयाला कळवावी अशी सूचना कोणी करील, म्हणून आधीच सांगते की ती मला मान्य नाही. तसे झाले तर परवाना जाईल या भीतीने माणसे फिट आणि चक्कर डॉक्टरपासून लपवतील, औषध वेळेवर सुरू होणार नाही आणि नुकसान दुप्पट होईल. माहिती विचारण्याची जागा नूतनीकरण हीच असावी आणि ती अर्जदारासमोर विचारली जावी. कलम १६ प्रमाणे आजार किंवा व्यंगामुळे चालक अपात्र झाल्याचे सबळ कारण असेल तर परवाना रद्द करण्याचा किंवा नव्या वैद्यकीय प्रमाणपत्राची अट घालण्याचा अधिकार आपल्या अधिकाऱ्यांना आजही आहे, आणि त्याविरुद्ध तीस दिवसांत अपील करण्याची सोयही कलम १७ मध्ये आहे. म्हणजे अन्यायाविरुद्ध दाद मागायची वाट आहे. वापर तेवढा नाही.

मर्यादित परवाना हा या पत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आज ज्येष्ठाच्या बाबतीत परवाना एक तर पूर्ण असतो किंवा नसतो. सही करणाऱ्या डॉक्टरलाही हे माहीत असते. म्हातारीचा परवाना बंद केला तर तिला दवाखान्यात कोण नेईल, असा विचार त्याच्या मनात येत असणार, आणि त्या सहानुभूतीपोटीही कित्येक सह्या होत असतील. मधला पर्याय असता तर त्याने तो निवडला असता. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पंचाहत्तरीनंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते, आणि ८५ नंतर पूर्ण परवाना हवा असेल तर दर दोन वर्षांनी रस्त्यावर चाचणी द्यावी लागते. ज्याला ती द्यायची नसेल त्याला घराभोवतीच्या ठरावीक परिसरापुरता परवाना मिळतो: दुकान, दवाखाना, नातलग यांच्यापर्यंत जाता येईल एवढा. ही कल्पना आपल्या कायद्यालाही अगदी परकी नाही. अपंग व्यक्तीला तिच्यासाठी खास बनवलेल्या किंवा बदल केलेल्या वाहनापुरता परवाना आपण देतोच. त्याच धर्तीवर फक्त दिवसा, फक्त स्वतःच्या तालुक्यात किंवा महामार्ग वगळून, अशा अटी घालून परवाना देता यावा यासाठी केंद्राने कायद्यात आणि नियमांत तरतूद करावी, अशी शिफारस महाराष्ट्राने करावी. असा परवाना मी आनंदाने घेईन, कारण तो माझ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी जुळणारा असेल.

मुदतीचाही विचार त्याच शिफारशीत व्हावा. पंचावन्न ओलांडलेल्याला आणि नव्वदीला टेकलेल्याला एकच पाच वर्षे, हे शरीरशास्त्राला धरून नाही. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्याला शुल्क नसते. आपल्याकडे पंचाहत्तरीनंतर दर दोन वर्षांनी फक्त तपासणी व्हावी. नवे कार्ड, नवे शुल्क आणि नवा अर्ज नको. तपासणी वाढवायची असेल तर कटकट कमी केली पाहिजे, नाहीतर माणसे नूतनीकरणच टाळतील. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत संपल्यानंतरची तीस दिवसांची सवलत गेली आहे, हे माझ्या परिचयातल्या निम्म्याअधिक ज्येष्ठांना ठाऊक नाही. मुदत संपलेल्या दुसऱ्याच दिवशी वाहन चालवले तरी तो विनापरवाना चालवण्याचा गुन्हा ठरतो, त्याला पाच हजार रुपये दंड आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. उलट मुदतीपूर्वी एक वर्षापासून नूतनीकरण करता येते, हेही लोकांना माहीत नाही. साठीनंतरच्या परवानाधारकाला मुदतीच्या सहा महिने आधी पोस्टाने साध्या मराठीतले पत्र यावे. मोबाईलवरचा संदेश पुरेसा नाही. पुष्कळ घरांत आधारशी जोडलेला नंबर पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलाचा असतो; ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो झोपलेला असतो. अशा वेळी माणूस एजंटाकडे जातो, आणि एजंट त्याला शिक्के मारलेल्या गठ्ठ्याकडे नेतो. ऑनलाइन व्यवस्थेमुळे खेपा वाचल्या हे खरे आहे आणि त्याबद्दल मी आपल्या विभागाची आभारी आहे. तालुक्याला आपल्या कार्यालयाचे शिबिर भरते त्या दिवशी ज्येष्ठांसाठी अर्ज भरून देणारी एक खिडकी आणि त्याच जागी नेत्रतपासणी ठेवली, तर एका फेरीत काम होईल आणि मधला माणूस लागणार नाही.

शेवटी, ज्यांचा परवाना खऱ्या तपासणीनंतर जाईल त्यांच्याबद्दल. त्यांच्याबद्दल काही न बोलता मी वरचे सगळे मागितले असते तर ते निर्दयपणाचे झाले असते. माझ्या यजमानांना गेली काही वर्षे गाडी चालवता येत नाही. त्यांचे औषध, बँक, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, नातलगांकडची कार्ये, सगळे माझ्या चारचाकीवर अवलंबून आहे. ती थांबली की आम्हा दोघांचे जग वाडीच्या कमानीपाशी संपेल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे तिकीट आहे, आणि त्याचा आधार किती जणांना झाला हे मी रोज पाहते. पण आमच्याकडे दुपारची फेरी बंद झालेली आहे आणि संध्याकाळची मुक्कामी गाडी येईल तेव्हा येते. तिकीट मोफत असून गाडीच नसेल तर ती सवलत कागदावरच राहते. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती पुन्हा सुरू झालेली नाही; तो विषय आपल्या हातातला नाही, पण राज्याने पाठपुरावा करायला हरकत नसावी.

जपानमध्ये १९९८ पासून ज्येष्ठांना स्वेच्छेने परवाना परत करता येतो, आणि २००२ पासून परत करणाऱ्याला त्याच्या चालक म्हणून केलेल्या प्रवासाचे प्रमाणपत्र मिळते. ते ओळखपत्र म्हणून चालते आणि अनेक गावांत त्यावर बस-टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. चाळीस-पन्नास वर्षे अपघात न करता वाहन चालवलेल्या माणसाला निरोपाचे दोन शब्द मिळावेत, ही त्यामागची भावना मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे परवाना मुदत संपून निमूट विझतो किंवा मुले किल्ली काढून घेतात, आणि दोन्हींत त्या माणसाचा अवमान होतो. महाराष्ट्राने परवाना मानाने परत करण्याची सोय करावी. जो परत करील त्याला वय काहीही असले तरी एसटीत पंचाहत्तरीची सवलत त्या दिवसापासून मिळावी, आणि त्याच्या गावाला दिवसातून निदान दोन फेऱ्या आहेत याची खात्री एसटी महामंडळाने करावी. महामंडळ आणि परवाने देणारी कार्यालये एकाच मंत्र्यांच्या खात्याशी निगडित आहेत, तेव्हा हा विचार एका टेबलावर होऊ शकतो.

माझ्या परवान्याची मुदत पंचाहत्तरीपर्यंत आहे. आपल्या विभागाने ज्येष्ठांच्या तपासणीची नवी पद्धत एखाद्या जिल्ह्यात प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली, तर मुदत संपण्याची वाट न पाहता मी तीत नाव देईन, डोळ्यांचे सर्व कागद घेऊन येईन, आणि निकाल जो लागेल तो मान्य करीन. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील काही जणांनीही तशी तयारी दाखवली आहे. प्रयोगासाठी जिल्हा कोणता निवडला आणि नेत्रतपासणीबाबत आरोग्य विभागाशी काय ठरले, हे आपण जाहीर करावे, ही विनंती.

आपली,
एक ज्येष्ठ परवानाधारक